मलूशेठने दिलेला भरवसा

हिवरगाव या तालुक्याच्या गावी मल्लिकार्जुन शेटे नावाचा एक दुकानदार राहत होता. सगळं गाव त्याला मलूशेठ म्हणायचं. बाजारपेठेत, देवळाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशीच त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. वडिलांच्या काळी तिथे किराणा माल मिळायचा. मलूशेठने त्याच फळ्यांवर तांदूळ-डाळीच्या जागी कीबोर्ड, वायरी आणि हार्डडिस्क मांडल्या. बोलणं मात्र त्याने वडिलांचंच उचललं होतं. गोड, मोकळं, आणि गिऱ्हाईक दारात दिसलं की आधी खुर्ची पुढे करणारं.

त्याचा माल वाईट नसायचा. भावातही तो कुणाला नाडायचा नाही. पण त्याला एक सवय होती. ही डिस्क किती टिकेल, असं कुणी विचारलं की तो ती तळहातावर थोपटायचा आणि म्हणायचा, "दहा वर्षं बघायला नको. माझा शब्द!"

आता डिस्क किती टिकेल, हे ती बनवणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. एखादी मालकाच्या दोन नोकऱ्या बदलून होईपर्यंत चालते, एखादी पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकते. मलूशेठला हे माहीत नव्हतं असं नाही. पण "सांगता येत नाही" हे उत्तर गिऱ्हाइकाला आवडत नाही, हे त्याला त्याहून चांगलं माहीत होतं. म्हणून तो भरवसा देत राहिला. लोकही निर्धास्त होऊन, डिस्क पिशवीत टाकून घरी जात राहिले.

एका दिवाळीला शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याने त्याला डिस्कचं एक मोठं खोकं पाठवलं. माल नवा होता, डबे चकचकीत होते. भाऊबीज उजाडायच्या आत खोकं रिकामं झालं. मलूशेठने शेवटची डिस्क स्वतःच्या घरासाठी ठेवून घेतली आणि खोकं रद्दीत घातलं.

चैत्रात ऊन तापू लागलं, तेव्हा एके सकाळी दस्तगीर मुलाणी दुकानात आला. हा गावातला फोटोग्राफर. लग्न कुणाचंही असो, फोटो दस्तगीरचेच. त्याने पिशवीतून डिस्क काढून काउंटरवर ठेवली.

"शेटजी, ही ऐका."

मलूशेठने ती वायरीला जोडली. आतून आवाज आला. टक्. मग थोडं थांबून पुन्हा टक्. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"हात्तिच्या!" मलूशेठ हसून म्हणाला. "वॉरंटीत आहे की! घाबरता कशाला?" आणि त्याने फळीवरची नवी कोरी डिस्क काढून दस्तगीरच्या हातात दिली.

दस्तगीर ती हातात घेऊन उभाच राहिला.

"डबा नवा दिलात, शेटजी. आतलं?"

"आतलं म्हणजे?"

"खराड्यांच्या पोरीचं लग्न होतं आत. संक्रांतीनंतरचं. नवरीचा बाप मागच्या महिन्यात गेला. त्याचा हसताना काढलेला तेवढा एकच फोटो होता. काल तिची आई मागायला आली होती."

दस्तगीर नवी डिस्क घेऊन निघून गेला. जाताना तो चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं मलूशेठला वाटलं.

त्याच आठवड्यात शिवणक्लास चालवणाऱ्या शोभा जगदाळे आल्या. त्यांच्याही पिशवीत डिस्क, त्यांच्याही डिस्कमधून तेच टक्-टक्. मलूशेठने ती उलटी करून मागचा कागद वाचला. दस्तगीरच्या डिस्कवर जो लॉटचा, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा, नंबर होता, तोच हिच्यावर होता. बाईंना नवी डिस्क देऊन वाटेला लावलं आणि त्याने लगेच शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला.

"त्या लॉटच्या तक्रारी सगळीकडूनच येताहेत," पलीकडून तो अगदी सहज म्हणाला. "ऊन वाढलं की पटापट पडताहेत. अजून पडतील."

"मग आता काय करायचं?"

"करायचं काय त्यात? येईल त्याला बदलून द्या. कंपनी मला देते, मी तुम्हाला देतो. तुमच्या खिशाला काही झळ नाही."

"आणि लोकांचं आत जे असतं ते?"

"आतलं कुठल्या वॉरंटीत असतं, शेटजी?" तो हसला. "उगाच बोभाटा करू नका. पडेल तेव्हा पडेल. आपण होऊन सांगत सुटलात तर दुकान बसेल तुमचं."

मलूशेठने फोन ठेवला. समोरच्या बाजूला नुकतंच एक नवं दुकान उघडलं होतं. काचेचं दार, आत गार हवा. आपला माल खराब निघाला ही बातमी एकदा बाजारात फिरली, की उद्यापासून लोक त्या काचेच्या दारातून आत जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि गप्प बसलो तर? डिस्क काही सगळ्या एकाच दिवशी जाणार नाहीत. आज एक, महिन्याने दुसरी. ज्याची जाईल त्याला नवी देऊ. कोण कशाला म्हणेल की मलूशेठला आधीच कळलं होतं?

असा विचार करत तो दुपारी जेवायला वर गेला. दुकानाच्या वरच त्याचं बिऱ्हाड होतं. बायकोने, महानंदाने, पान वाढलं. तो नुसताच आमटीत भाकरी कुस्करत बसला.

"काय झालंय?" तिने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. दस्तगीरचं, शोभाबाईंचं, फोनवरचं. सगळं ऐकून झाल्यावर महानंदाने एवढंच विचारलं, "अहो, आपण घरात ठेवली ती पण त्याच खोक्यातली ना?"

मलूशेठ खरकट्या हाताने तसाच उठला.

त्या डिस्कवर त्याच्या लेकीचं सगळं लहानपण होतं. तिचं पहिलं पाऊल, पाटीपूजन, दात पडल्यावरचं हसणं. त्याचे वडीलही त्यातच होते. शेवटच्या वर्षी काठी टेकत दुकानात येऊन बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे, ते सगळं महानंदाने मोबाइलवर काढून त्यात भरून ठेवलं होतं. मोबाइल तर नंतर बदलला होता. आता वडील होते ते त्या डिस्कमध्येच.

हात कसेबसे धुऊन त्याने डिस्क जोडली. ती सुरू झाली. आवाज नव्हता. त्याने दुसऱ्या लॉटची डिस्क शेजारी लावली आणि सगळं तिच्यावर उतरवायला घेतलं. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकू लागली. मलूशेठ तिच्याकडे टक लावून बसला. जरा कुठे पट्टी थबकली की तो खुर्ची पुढे ओढायचा. शेवटी पट्टी पूर्ण भरली. त्याने नव्या डिस्कवरचा एक व्हिडिओ लावून पाहिला. वडील पडद्यावर आले आणि म्हणाले, "मल्लू, छत्री घेतलीस का रे?"

मलूशेठने डोळे मिटले. सगळं अंग सैल झालं.

"झालं?" महानंदाने विचारलं.

"झालं. सुटलो बाई एकदाचा!"

तिने त्याचं गार झालेलं ताट उचललं. आमटी पुन्हा गरम करायला ठेवत ती म्हणाली, "बाकीच्या घरांतही आत्ता जेवणं चालली असतील. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नाही."

मलूशेठच्या मनाला ते वाक्य लागलं. आपल्याला कळल्याबरोबर आपण भरल्या ताटावरून उठलो. आपलं तेवढं वाचवलं. आणि इतरांना सांगायची वेळ आली तेव्हा दुकानाचा हिशोब करत बसलो. त्याला स्वतःची लाज वाटली. आमटी उकळायच्या आत तो जिना उतरून खाली गेला.

त्याने एका मोठ्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलं, 'दिवाळीत माझ्याकडून ज्यांनी डिस्क नेली, त्यांनी आजच आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यावं. तो माल खराब आहे. डिस्क कधीही बंद पडेल. उतरवून द्यायचं काम मी करून देईन. शेटे.' तो पुठ्ठा त्याने दुकानाच्या दारावर, रस्त्यावरून दिसेल असा टांगला. मग आठवून आठवून एकेकाला फोन लावायला बसला. तालुक्याचं गाव ते, कोण काय घेऊन गेलं हे त्याला तोंडपाठ होतं.

दिवस मावळायच्या आत दुकानात गर्दी झाली. कुणी डिस्क रुमालात गुंडाळून आणली, कुणी तान्हं मूल आणावं तशी छातीशी धरून आणली. समोरच्या काचेच्या दाराआडून लोक गंमत बघत होते. मलूशेठ एकामागून एक डिस्क जोडत होता, उतरवत होता, उतरलेलं उघडून दाखवत होता. नाना खराडे मात्र दारातूनच कडाडले. नवरीचे ते चुलते. दिवाळीत त्यांनी स्वतःही एक डिस्क नेली होती.

"मलूशेठ! दहा वर्षं बघायला नको, असं तुम्हीच म्हणाला होता ना? माझ्यासमोर म्हणाला होता!"

मलूशेठने हातातली डिस्क खाली ठेवली.

"म्हणालो होतो, नाना," मलूशेठ म्हणाला. "मला माहीत नव्हतं. माहीत नसताना म्हणालो. चूक माझी आहे."

नानांना भांडायचं होतं. पण ते खुर्चीत बसले, डिस्क पुढे सरकवली आणि म्हणाले, "बघा मग. हिची अजून धुगधुगी आहे का."

नानांची डिस्क चालू होती. त्यांचं सगळं उतरलं. जाताना त्यांनी राम राम केला नाही, पण डिस्क घेऊन गेले ती मलूशेठच्याच दुकानातली. दोघं-तिघं मात्र बाहेर पडून सरळ समोरच्या दुकानात शिरले. मलूशेठने ते पाहिलं आणि मान खाली घालून पुढची डिस्क जोडली.

दिवेलागणीला दस्तगीर आला. त्याने पाटी वाचली होती. मलूशेठ उभा राहिला.

"दस्तगीरभाई, तुम्हाला सांगायला मला उशीर झाला."

"मला झाला तो झाला," दस्तगीर म्हणाला. "आता कोण राहिलंय?"

एकच जण राहिले होते. पाचुंद्याचे भास्कर गुरव गुरुजी. त्यांचा फोन काही केल्या लागत नव्हता. पाचुंदे घाटाच्या वर, तिथे मोबाइलला धड रेंज नाही.

"उजाडताच निघू," दस्तगीर म्हणाला. "माझी गाडी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मोटारसायकलवरून घाट चढू लागले. मलूशेठने पिशवीत दोन नव्या डिस्क घेतल्या होत्या, वेगवेगळ्या लॉटच्या. वाटेत त्याला गुरुजी आठवत होते. दिवाळीत ते आणि त्यांची बायको लीलाबाई दुकानात आले होते. गुरुजींचा आवाज तेव्हाच घोगरा झाला होता. घशाला कॅन्सर होता आणि दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. त्याआधी आपण पोरांना सांगतो त्या सगळ्या गोष्टी बोलून ठेवायच्या, म्हणून त्यांना डिस्क हवी होती.

"टिकेल ना?" गुरुजींनी विचारलं होतं.

आणि मलूशेठने नेहमीच्या झोकात उत्तर दिलं होतं, "गुरुजी, तुमच्यापेक्षा जास्त टिकेल!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली होती. गुरुजी नुसते हसले होते. लीलाबाई हसल्या नव्हत्या.

पाचुंद्यात पोचल्यावर घर विचारावं लागलं नाही. वळणावरूनच आवाज कानावर आला. भरदार, ठसठशीत, चढ-उतार घेत चाललेला. गुरुजी गोष्ट सांगत होते. मलूशेठला एकदम हायसं वाटलं. गुरुजी बोलताहेत! ऑपरेशन झालंच नाही की काय?

तो अंगणात शिरला आणि थबकला. सुट्टी लागल्याने गावातली पोरं ओट्यापुढे मांडी घालून बसली होती. आवाज खिडकीतून येत होता. गुरुजी ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. गळ्याभोवती पांढरं फडकं होतं. त्यांचे ओठ गोष्टीबरोबर हलत होते, पण तोंडातून काहीच येत नव्हतं.

आणि तेवढ्यात, गोष्टीतला राजा दरबारात शिरत असताना, खिडकीतल्या आवाजामागे मलूशेठला ऐकू आलं. टक्.

"काकू!" तो ओरडलाच. "गोष्ट थांबवा! पण कॉम्प्युटर बंद करू नका!"

लीलाबाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. गोष्ट मध्येच थांबली, पोरं कुरकुरली. मलूशेठने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डिस्क खराब आहे, आता कधीही बंद पडेल, एकदा बंद केली तर पुन्हा सुरू होईलच असं नाही.

"दुसरीकडं उतरवलेलं आहे का कुठे, काकू?"

"कुठलं हो! हे एवढंच," लीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतं ना टिकेल म्हणून? आम्ही त्यावरच विसंबून होतो."

मलूशेठने मान खाली घातली. "चुकलं माझं, काकू. पण अजून ती चालू आहे. मला आत येऊ द्या."

त्या बाजूला झाल्या. डिस्क हाताला चांगलीच तापलेली लागत होती. दस्तगीरने टेबलफॅन ओढून तिच्यावर सोडला. मलूशेठने नवी डिस्क जोडली. मग तो मागोमाग आत आलेल्या गुरुजींकडे वळला. "गुरुजी, आत एक तबकडी फिरते आणि तिच्यावर बारीकशी दांडी हलते. ती दांडी आता अडखळायला लागलीय. सगळं निघेल की नाही, सांगता येत नाही. आधी काय काढू?"

"गोष्टी काढा," लीलाबाई घाईने म्हणाल्या. "पोरांच्या गोष्टी आधी."

गुरुजींनी मान हलवली. शेजारची पाटी उचलली आणि तिच्यावर लिहिलं, 'हाका.'

लीलाबाईंना ते कळलं नाही. पण मलूशेठला सगळ्यात खाली त्याच नावाची एक छोटीशी फाइल दिसली. त्याने ती आधी उचलली. हिरवी पट्टी हलली आणि बघता बघता भरली. आलं आहे की नाही हे पाहायला त्याने नव्या डिस्कवरून ती लावली.

"लीला, अगं लीला, चष्मा कुठं ठेवलास माझा?" गुरुजींचा आवाज खोलीत घुमला. मग लेकीला हाक, मग जावयाला, मग अजून जन्माला न आलेल्या नातवंडाला, "ए बाळा, इकडं ये बघू." मग गोठ्यातल्या गाईला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गुरुजींनी एकट्याने बसून घरातल्या एकेकाला नेहमीसारखी हाक मारून ठेवली होती. लीलाबाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांनी पदर तोंडाला लावला. गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. गाईने मात्र बाहेरून हंबरून ओ दिली, तशी अंगणातली पोरं खो-खो हसली आणि लीलाबाईही रडता रडता हसल्या.

मग गोष्टी सुरू झाल्या. एकेक गोष्ट उतरत होती. मध्येच टक् वाजायचं आणि पट्टी थबकायची. पुन्हा सरकू लागली की दस्तगीर पुटपुटायचा, "चल बेटा, चल." लीलाबाईंनी देवापुढे दिवा लावला. गोष्टींची रांग हळूहळू आखूड होत गेली. अखेर एकच गोष्ट राहिली, 'आंधळा बैल.'

ती निम्मी उतरली आणि अडली. टक्. टक्. टक्. मलूशेठने थांबून पुन्हा प्रयत्न केला. आणखी एकदा केला. मग आतून खरवडल्यासारखा आवाज आला आणि डिस्क गप्प झाली. पुन्हा ती सुरू झालीच नाही.

मलूशेठने वायर काढली. "एक गेली, गुरुजी," तो कसाबसा म्हणाला. "बाकी सगळ्या आल्या. आणि दिवाळीत मी जे बोललो होतो... तुमच्यापेक्षा जास्त टिकेल म्हणून... ते बोलायला नको होतं."

गुरुजींनी त्या मेलेल्या डिस्ककडे पाहिलं. मग पाटी पुसून त्यांनी लिहिलं आणि ती मलूशेठपुढे धरली. 'मीच जास्त टिकलो.'

पहिल्यांदा दस्तगीर हसला. मग मलूशेठला राहवेना. गुरुजींचेही खांदे गदगदा हलू लागले. आवाज नव्हता, पण ते पोट धरून हसत होते.

"आणि आंधळ्या बैलाची?" दारातून डोकावणाऱ्या एका मुलीने विचारलं. "ती गेली?"

"गेली गं," लीलाबाई म्हणाल्या.

"नाही काही! आम्हाला पाठ आहे!" आणि सगळी पोरं एकदम आत घुसली. रोज ऐकून ऐकून ती गोष्ट त्यांच्या जिभेवर बसली होती. मलूशेठने माइक जोडला. पोरांनी आळीपाळीने गोष्ट सांगायला घेतली. एक जण बैलाला विहिरीकडे नेत होता, तर दुसरा ओढ्याकडे. एकाचं म्हणणं, तो बैल नव्हताच, रेडा होता. भांडण वाढलं तेव्हा गुरुजींनी पाटीवर मोठ्या अक्षरात 'बैल' लिहून वर धरलं आणि गोष्ट पुढे चालू झाली. शेवट सगळ्यांनी एका सुरात सांगितला. तो मात्र प्रत्येकाचा अगदी सारखा होता.

मलूशेठने सगळं दुसऱ्या नव्या डिस्कवरही उतरवलं.

"एक घरात ठेवा, काकू. दुसरी या घरात ठेवू नका. शाळेत द्या, लेकीकडे द्या, कुठेही द्या. आणि ह्यासुद्धा कधीतरी जाणारच. अधूनमधून उघडून बघत जा, ऐकत जा. जुनी झाली की नवीवर उतरवा. ह्या किती टिकतील ते मला खरंच माहीत नाही."

लीलाबाईंनी एक डिस्क कपाटात ठेवली आणि दुसरी शाळेतल्या बाईंकडे न्यायला त्याच मुलीच्या हातात दिली. मग त्या मलूशेठकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कधीच ओसरला होता.

"फोन लागत नव्हता म्हणून गप्प बसू शकला असतात तुम्ही. आम्हाला काय कळणार होतं? तुम्ही घाट चढून आलात. आता पानं घेते. जेवल्याशिवाय जायचं नाही दोघांनी."

पिठलं-भाकरी, लसणाची चटणी आणि ताक असा बेत होता. दस्तगीरची गाडी ओट्याशेजारी सावलीत उभी होती. मलूशेठ जेवायला बसला. पहिला घास तोंडात गेला आणि त्याच्या लक्षात आलं, दस्तगीर दुकानात आला त्या दिवसापासून आपल्याला अन्नाची चवच लागली नव्हती. तो भाकरीमागून भाकरी खात गेला. लीलाबाई वाढत राहिल्या. जेवण झाल्यावर तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला. आत पोरांनी पुन्हा गोष्ट लावली होती. गोष्टीतला राजा दरबारात शिरायच्या आत मलूशेठला गाढ झोप लागली.

तात्पर्य: वस्तू किती टिकेल हे कुणाच्याच हातात नसतं, म्हणून जपायचं ते एकाच जागी ठेवू नये, आणि आपण दिलेला भरवसा खोटा ठरतोय असं कळलं, तर नाव जाईल म्हणून लपवू नये, आपण होऊन वेळेवर सांगावं. वेळेवर सांगितलेली चूक बरंच काही वाचवते आणि सांगणाऱ्यालाही मोकळं करते.